वर्गाचा ब्लॉग: मुलं लिहितील हो, वाचणार कोण?

खाडीकाठ

परवा दुसऱ्या एका धाग्यावर वर्गाच्या ब्लॉगचा ओघात उल्लेख केला, तर तिघाचौघांनी खरडवहीत निरोप टाकून विचारलं. म्हणून वेगळा धागाच काढते. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. आठवी-नववीच्या मुलांचा ब्लॉग आम्ही जूनपासून चालवतोय.

‘शाळेचा ब्लॉग’ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते हे नव्हे. २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, त्याच्या आगेमागे आपल्या शिक्षकांनी ढिगाने ब्लॉग काढले. जीआर, वार्षिक नियोजन, आकारिक चाचण्या, दाखल्यांचे नमुने. उपयोगी आहेत, मीही तिथूनच कितीदा उतरवून घेते. पण त्यात मुलाच्या हातचं एक वाक्य सापडणार नाही. तो शिक्षकांनी शिक्षकांसाठी लावलेला सूचनाफलक.

आमच्याकडे लिहितात मुलं. सुरुवातीला आलं ते अपेक्षेप्रमाणेच: ‘माझा आवडता सण’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. गाईडचा वास. नववीतल्या एका मुलाने रापणीवर लिहिलं. घरची रापण त्याची! आणि लिहिलं काय, तर ‘रापण ही मासेमारीची पारंपरिक पद्धत आहे. आपण तिचे जतन केले पाहिजे.’ वहीत असतं तर ‘छान, अजून माहिती हवी’ असा शेरा मारून मी पाचपैकी तीन गुण दिले असते. विषय तिथे संपला असता.

ब्लॉगवर त्याखाली मुंबईहून एका गावकऱ्याचा प्रतिसाद आला. अजून माशांचे वाटे पूर्वीसारखेच घालतात का? जाळ्याचा वाटा वेगळा काढतात ना? आणि दोर ओढायला आलेल्या परक्या माणसाला काय मिळतं? पोराला एकाचंही उत्तर येईना. घरी जाऊन आजोबांना पिडलंन. पुढच्या आठवड्यात तोच लेख पुन्हा लिहून आणला. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ मारून परत किनाऱ्याला कशी लागते, दोन टोकांच्या दोन रांगा दोर ओढत ओढत एकमेकींकडे कशा सरकतात, पेडवे मासे असले की पाण्याचा रंग लांबूनच कसा ओळखू येतो, जाळं जवळ आलं की कोण कोणावर ओरडतं. आणि दोराला हात लावलेल्या माणसाला निदान कालवणापुरते मासे मिळतात, हे शेवटी. ‘जतन’ हा शब्द गायब.

मी विचारलं असतं तर त्याने एवढं केलं नसतं. बाई प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना उत्तर येत असतं, हे मुलं पहिलीपासून ओळखून असतात. त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अडचण अशी की असे वाचक दुर्मीळ. बाकी सगळे अंगठे, गुलाबाची फुलं आणि ‘खूप छान बाळा’. तुमच्यापैकी कोणी शाळेत असं काही करतं का? वाचक कसे मिळवता?

जुना_खडू

बाई, उपक्रम चांगला आहे. पण फार नवं काही आहे असं समजू नका. आमच्या वेळी दर शाळेत हस्तलिखित निघायचं. त्याहून मागे जा. साने गुरुजी मूळचे आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात असताना ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित काढायचे, आणि तेही दैनिक. रोजच्या रोज, हाताने. त्याला नेट लागलं नाही.

दुसरं म्हणजे अक्षर. मोबाइलवर बोटं आपटून अक्षर सुधारत नाही. दहावीचा पेपर अजून पेनानेच लिहायचा असतो.

खाडीकाठ

सर, मुलं आधी कागदावरच लिहितात, त्यावाचून इलाजही नाही. घरातला फोन बाबांबरोबर समुद्रावर किंवा बाजारात असतो, तो हाती लागतो रात्री नऊनंतर. कच्चं लेखन वहीत, पक्कं फोनवर किंवा शाळेच्या संगणकावर.

आणि ‘छात्रालय’ गुरुजी मुलांसाठी लिहीत. इथे मुलं परक्या माणसासाठी लिहितात. मला फरक तिथे वाटतो.

बोरिवली_फास्ट

ते ‘खूप छान बाळा’वाले आम्हीच हो, ताई! गाव सुटल्याला जमाना झाला. शाळेच्या ग्रुपवर येतं काय, तर सकाळी सुविचार आणि मेमध्ये छपराच्या देणगीचं आवाहन. अशात एखाद्या पोराने आपल्या वाडीबद्दल लिहिलेलं दिसलं की गाडीत उभ्या उभ्या वाचतो, बरं वाटतं, पण खाली काय लिहायचं ते सुचत नाही. मग अंगठा.

एक सुचवू? लेखाच्या शेवटी मुलांनाच प्रश्न विचारू द्या. ‘आमच्या वाडीतली जुनी विहीर कोणी बांधली, तुम्हाला ठाऊक आहे का?’ बघा काय होतं. आमच्यातल्या सत्तरीच्या माणसांना कोणी विचारतच नाही, विचारलंत तर थांबणार नाहीत. मुंबईतलं प्रत्येक ग्रामस्थ मंडळ म्हणजे तुमचा बसल्या जागचा वाचकवर्ग आहे. दर बैठकीत इतिवृत्तानंतर एक लेख वाचून दाखवा म्हणावं. आमच्या मंडळात मी करतो हे काम. लिंक खरडीत टाका.

तांबडी_शाई

मीही शिक्षिकाच, रत्नागिरी जिल्ह्यात. उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण दोन गोष्टी कोणीतरी बोलायलाच हव्यात.

कोकण विभागीय मंडळ २०१२ ला वेगळं झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात आपण वरच. पालकांना तेच हवं, संस्थेलाही तेच. ‘ब्लॉगला गुण किती?’ हा प्रश्न पालकसभेत येणार. तुमच्याकडे उत्तर आहे का?

आणि नक्कल. हल्ली मुलं एआयला सांगतात, ‘कोकणातील पावसाळा, दोनशे शब्द’. तो देतो. ‘निसर्गाची मुक्त उधळण’ वगैरे. वहीत निदान हाताने उतरवावं तरी लागतं!

खाडीकाठ

गुणांचं उत्तर आहे, आणि ते अगदी कोरडं आहे. भाषेला ८० गुण लेखी, २० अंतर्गत. लेखी परीक्षेत बातमीलेखन आहे, कथालेखन आहे, पत्र आहे, प्रसंगलेखन आहे. रापणीच्या दोराशी उभं राहून लिहिलेल्या मुलाला प्रसंगलेखन वेगळं घोकावं लागत नाही. दहावीचा वर्ग मात्र मी यात घेतच नाही. तेवढी हिंमत नाही आणि तेवढा वेळही नाही.

नकलेवर आमचा एक नियम चालतोय: नेटवर आहे ते लिहायचं नाही. शाळेची सहल कुडोपीला गेली होती, कातळशिल्पं बघायला. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात कुडोपीही आहे. त्यामुळे माहिती भरपूर मिळते आणि मुलं ती जशीच्या तशी उतरवून आणतात. मी सगळे कागद परत केले. मग कोणी कातळाच्या सड्यावर चढतानाच्या वाटेवर लिहिलं, कोणी उन्हाची तिरीप आडवी असताना रेषा जास्त उठून का दिसतात त्यावर. एकीने एका आकृतीची लांबी स्वतःच्या पावलांनी मोजली आणि शेवटी कंसात लिहिलं, ‘माझं पाऊल लहान आहे’. हे कुठला एआय देणार?

देवगडचो

बाईंनू, बरां चललांसा तुमचां. पण एक इचारतंय. पोरांनी मालवणीत लिवल्यानी तर छापतास काय? माझ्या झिलान आजयेची गजाल लिवल्यान. तेच्या गुरुजींनी तांबड्या पेनान सगळी ‘शुद्ध’ केल्यानी. घराक येवन आजयेक वाचून दाखवल्यान, तर ती म्हणता, ‘ह्यां कोणाचां? मी असां खय बोललंय?’

आणि ता ‘नवीन काय’ म्हणणाऱ्यांका सांगा, ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री आमच्या देवगड तालुक्यातले, पोंभुर्ल्याचे. १८३२ साल. लिवची खाज आमका जुनीच आसा.

खाडीकाठ

@देवगडचो, छापतो तर! आजी-आजोबांच्या तोंडची वाक्यं जशी कानावर पडली तशीच ठेवायची, हे ठरलेलं आहे. बाकीचं कशात लिहायचं ते मुलाने ठरवावं. काही जण पूर्ण मालवणीत लिहितात, आणि त्यांचे लेख मुंबईत जास्त वाचले जातात हे आता मुलांच्याही लक्षात आलंय, त्यामुळे थोडा आगाऊपणाही सुरू झालाय. खरी पंचाईत बोलून टंकायची. फोनला प्रमाण मराठी कळते. ‘माका’ (म्हणजे ‘मला’) म्हटलं की ‘मका’ उमटतो. एका लेखात आजीने ‘मका सांगितलं’ असं तीन ठिकाणी होतं!

नेटवर्कवाला

थोडं रुक्ष लिहितो, पण लागेल.

ब्लॉग कोणाच्या गूगल खात्यावर आहे? शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर बदली झाली किंवा निवृत्ती आली की संपलं. गूगलचं धोरण असं आहे की दोन वर्षं वापर नसलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतात, आणि खात्याबरोबर त्यातलं सगळं जातं. शाळेच्या नावाचं खातं काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, आणि दर सत्राला गूगलच्या ‘ब्लॉगर’ सेवेच्या सेटिंगमधून सगळ्या मजकुराची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेऊ नका. नूतनीकरण एका वर्षी राहतं आणि तो पत्ता दुसराच कोणी उचलतो. मग शाळेच्या नावाखाली काय दिसेल ते सांगता येत नाही. फुकटचा ब्लॉगस्पॉटचा पत्ता पुरतो.

मुलांची खाती काढूच नका. गूगलला स्वतःचं खातं चालवायला आपल्याकडे १३ वर्षं पूर्ण लागतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर १८ खालच्या सगळ्यांना मूल धरतो, पालकांची संमती मागतो. लेख एकाच खात्यावरून चढवा. खाली पहिलं नाव किंवा टोपणनाव, आडनाव नको, वाडी नको, हजेरी क्रमांक तर नकोच. पालकांची लेखी संमती फाइलला लावून ठेवा.

फोटोंचं बहुतेकांना माहीत नसतं. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘स्थान’ बंद करून मगच फोटो काढा. मुलांचे चेहरे टाळा. हात, जाळं, पाटी, वही, एवढं पुरे.

प्रतिसाद तपासल्याशिवाय दिसणार नाहीत अशी सोय असते, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. आणि जुने लेख श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असतील तर ते थेट चिकटवून चालत नाहीत, नुसती अक्षरांची उसळ होते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

खाडीकाठ

@नेटवर्कवाला, फार आभार. खातं माझ्याच नावावर आहे. या आठवड्यात हलवते.

प्रतिसाद तपासण्यावरून आठवलं. एका मुलीने पर्ससीनवर लिहिलं, म्हणजे माशांचा थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या बोटींच्या जाळ्यावर. बाबा पारंपरिक मच्छीमार, त्यामुळे बाजू कुठली ते सांगायला नको. लेख साधा होता. पर्ससीनवर राज्याने २०१६ ला निर्बंध आणले, तरी दिवे लावलेल्या बोटी रात्री दिसतात आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या जाळ्यात काही नसतं, एवढंच. खाली मोठ्या माणसांची जी जुंपली! मी ते प्रतिसाद रोखून धरले, पण वर्गात वाचून दाखवले, शिव्या गाळून. मुलांनी एक तास त्यावर वाद घातला. शेवटी त्याच मुलीने पर्ससीनवर खलाशी म्हणून जाणाऱ्या शेजारच्या दादाला भेटून दुसरा लेख लिहिला. मत बदललं नाही तिचं. पण दुसऱ्या लेखात ‘ते लोक’ हा शब्द नव्हता, ‘दादा’ होता. मुख्याध्यापकांना मात्र तेव्हापासून घाम फुटलाय. ते म्हणतात, फुलपाखरांवर लिहा.

पुस्तककिडा

मुख्याध्यापकांना मार्था पेनची गोष्ट सांगा. स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची मुलगी. २०१२ साली शाळेच्या दुपारच्या जेवणाचा रोज फोटो टाकायची आणि त्याला गुण द्यायची. चव किती, घास किती, केस किती निघाले! जगभरातून लोक वाचायला लागले, इतर देशांतली मुलं आपापल्या ताटांचे फोटो धाडायला लागली. मग स्थानिक परिषदेने शाळेत फोटो काढायलाच बंदी घातली. गदारोळ एवढा झाला की बंदी लगेच मागे घ्यावी लागली, आणि त्या गाजावाजात शाळकरी मुलांना जेवण देणाऱ्या एका संस्थेसाठी तिच्या ब्लॉगवरून एक लाख पौंडांच्या वर पैसे जमले.

तांबडी_शाई

आमच्याकडे खिचडीचा फोटो टाका म्हणजे कळेल. आधी मुख्याध्यापकांना खुलासा, मग बचत गटाच्या ताईंना, आणि शेवटी केस मोजणाऱ्या मुलीच्या आईला बोलावणं.

आई_आठवी_ब

मी शिक्षिका नाही, पालक आहे. वेगळ्या गावची, पण आमच्या शाळेतही असाच ब्लॉग आहे.

माझ्या मुलीने ‘आमच्या घरातला पावसाळा’ असा लेख लिहिला. चांगला लिहिला, मला रडू आलं. पण त्यात जून-जुलैची मासेमारीबंदी असताना घर कसं चालतं ते सगळं आलं. होडीच्या इंजिनाचं कर्ज, माझ्या बांगड्या कुठे आहेत ते, सासूबाई दुकानदाराशी काय बोलल्या ते. सगळं खरं. बाईंनी कौतुकाने चढवला. तिसऱ्या दिवशी ठाण्याहून नणंदेचा फोन, ‘वहिनी, आम्हाला सांगितलं का नाहीस?’ ह्यांनी दोन दिवस मुलीशी अबोला धरला. ती आता काही लिहायला मागत नाही.

खरं लिहा म्हणता, मग हे कोणी बघायचं?

जुना_खडू

ताई, हे मात्र हस्तलिखितात होत नसे. ते वर्गाबाहेर जातच नव्हतं. मी वर ‘नवं काही नाही’ म्हटलं, ते या एका बाबतीत मागे घेतो.

खाडीकाठ

@आई_आठवी_ब, तुमचा प्रतिसाद स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. आमच्याकडे नियम असा आहे की ज्या माणसाबद्दल लिहिलंय त्याला लेख आधी वाचून दाखवायचा आणि तो ‘चालेल’ म्हणाला तरच पुढे. रापणीच्या लेखातून आजोबांनी दोन नावं काढायला लावली, म्हातारे आहेत पण पक्के! जे घरात चालणार नाही ते वहीतच राहतं. त्याला गुण तितकेच, वाचक मी एकटी.

तरी तुमच्या मुलीचं मला सुचत नाही. बहुतेक तिला आता कोणी ‘लिही’ म्हणूच नये. ब्लॉगवर दुसरी कामं असतात. चित्रं आहेत, शुद्धलेखन तपासणं आहे. वाचकांच्या प्रतिसादांना उत्तरं देणं हे तर आमच्याकडे सगळ्यात मानाचं काम झालंय, त्यासाठी भांडणं होतात. तिच्या बाईंना विचारून बघा. आणि तो लेख काढून टाकायला सांगायचा हक्क तुम्हाला आहे, संकोच करू नका.

पुस्तककिडा

वाचक कसे मिळवायचे, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. फ्रान्समध्ये सेलेस्तॅं फ्रेने नावाचे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाली, वर्गात फार वेळ बोलवत नसे. १९२०च्या दशकात त्यांनी खेड्यातल्या शाळेत एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलांनी लिहायचं, मुलांनीच अक्षरांचे खिळे जुळवायचे, मुलांनीच छापायचं. आणि ते छापलेले कागद त्यांनी पाठवले कुठे? दूर ब्रिटनीतल्या, समुद्राकडच्या एका शाळेला. डोंगरातली मुलं आणि समुद्राकडची मुलं एकमेकांना आपापलं गाव समजावून सांगायला लागली. तुम्हाला हवे असलेले, ज्यांना खरंच माहीत नाही असे वाचक ते हेच. मुंबईकर बरे आहेत, पण त्यांना अर्धं आधीच ठाऊक असतं.

औसा_रोड

रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. लातूर जिल्ह्यातल्या शाळेवर आहे, आठवी. माझ्या वर्गातल्या एकाही लेकराने समुद्र बघितलेला नाही. तुमचा रापणीचा लेख (लिंक खरडीतून मागून घेतली, माफ करा) काल वर्गात मोठ्याने वाचला. होडी पुन्हा किनाऱ्याला येते हे त्यांना पटेचना, फळ्यावर आकृती काढून दाखवावी लागली. ‘वाटा’ मात्र लगेच कळला, आमच्याकडे वाट्याने शेती करतात.

मग प्रश्न सुरू झाले, ते कागदावर लिहून घेतलेत. भरतीच्या वेळी घरात पाणी शिरत नाही का? दोर ओढताना हात सोलवटत नाहीत का? बंदीत मासे वाढतात हे कोणी मोजलं? आणि मागच्या बाकावरच्या एकाचा: समुद्राचं पाणी खारट, मग मासा खारट का लागत नाही? मला उत्तर आलं नाही, विज्ञानाच्या सरांनी ‘बघून सांगतो’ म्हटलंय.

तुमच्या मुलांना चालत असेल तर पाठवू का? बदल्यात आमची लेकरं सोयाबीनच्या राशीवर लिहितील. आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं लातूरला, त्यावर. तेव्हा ही लेकरं अगदी लहान होती, म्हणजे घरी विचारूनच लिहावं लागेल.

खाडीकाठ

पाठवा पाठवा! सोमवारी पहिल्याच तासाला वाचते. खारट माशाचा प्रश्न विज्ञानाच्या बाईंच्या आधी मुलांना देते. निम्मी पोरं मासे विकणाऱ्या घरातली आहेत आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नसणार, पैज लावते. रेल्वेच्या पाण्याचं मात्र नक्की लिहायला सांगा. आमच्याकडे चार महिने छपरातून पाणी गळतं, मुलांना ते कळणारच नाही.

@बोरिवली_फास्ट, लिंक टाकली आहे. अंगठा चालणार नाही.

देवगडचो

लातूरच्या बाईंनू, तेका मासो खारटच होयो आसात तर पत्तो धाडा. खारो बांगडो पाठवतंय. फकस्त पार्सल वर्गात उघडू नकात.